सकाळी बंद पडणारी पेट्रोल गाडी: गॅरेजला जाण्याआधी घरी काय तपासावं

सकाळी पावणेसातला साताऱ्यातल्या गोडोलीतून निघायचं, पोवई नाका आणि मोळाचा ओढा करत मेढ्याच्या रस्त्याला लागायचं आणि घंटा व्हायच्या आत शाळेत पोचायचं, हा माझा रोजचा क्रम. गेल्या डिसेंबरात आमची २०१४ सालची पेट्रोल गाडी त्यात आडवी आली. सेल्फला लागायची, दोन-तीन सेकंद चालायची आणि आचका देऊन बंद पडायची. चौथ्या-पाचव्या वेळी अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून धरला तर टिकायची, पण पाय काढला की आरपीएमचा काटा पाचशेवर, स्टिअरिंगला थरथर आणि पुन्हा सगळं शांत. एकदा ग्रेड सेपरेटरच्या चढावरच बंद पडली. मागे दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवतोय आणि माझा हात किल्लीवर कापतोय, ती सकाळ मी विसरलेले नाही.

संध्याकाळी शाळेतून परस्पर गॅरेजला जायची. मिस्त्री बॉनेट उघडून सेल्फ मारायचे, गाडी पहिल्या झटक्यात सुरू. "ताई, आता तर चांगली लागतीया की गाडी." ते खोटं बोलत नव्हते. तीस किलोमीटर चालून आलेलं इंजिन गरम होतं आणि गरम इंजिनाला काहीच त्रास नव्हता. मग अंदाजानं सामान बदलत गेलो. आधी प्लग, मग बॅटरी, मग पेट्रोल पंप. नऊ हजारांच्या वर गेले आणि चौथ्या दिवशी सकाळी गाडी पुन्हा बंद.

हा दोष इंजिन गार असतानाच दिसतो, आणि रात्रभर गार झालेलं इंजिन तुमच्या अंगणात असतं, गॅरेजात नसतं. म्हणून पहिली तपासणी तुम्हीच करायची. दुरुस्ती मिस्त्री करतील, पण पुरावा तुम्ही गोळा करून द्यायचा.

गार इंजिनाला वेगळं काय लागतं

गरम इंजिनात साधारण १४.७ किलो हवेला १ किलो पेट्रोल असं मिश्रण जळतं. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, त्यातलं बरंच गार धातूला चिकटून राहतं. म्हणून पेट्रोल जास्त द्यावं लागतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांना आपण चोक ओढायचो, तो याचसाठी. आता ते काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर करतो. टेंपरेचर सेन्सरवरून इंजिन किती गार आहे ते वाचतो, इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि थोडी जादा हवा आत सोडून आरपीएम १,२०० ते १,५०० च्या आसपास धरतो. इंजिन तापेल तसा काटा ७०० ते ९०० वर येतो. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, तुमच्या गाडीचा पुस्तिकेत किंवा सर्व्हिसवाल्यांकडून मिळेल.

म्हणजे सकाळी गाडी बंद पडते तेव्हा चारांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं: ईसीयूला तापमान चुकीचं कळतंय, जादा हवा येत नाही, हवा भलतीकडून येतेय, किंवा पेट्रोल आणि स्पार्क यांतलं एक कमी पडतंय. पुढचा सगळा शोध या चारांतलाच आहे.

लागणारं सामान

ब्लूटूथवर चालणारा साधा ईएलएम ३२७ स्कॅनर (ईसीयूचे आकडे मोबाइलवर दाखवतो) आणि मोबाइल. मल्टीमीटर. बॅटरी (टॉर्च). गाडीच्या प्लगला बसणारा प्लग पाना आणि फिलर गेज (प्लगची फट मोजायच्या पट्ट्या). थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ करायच्या क्लीनरचा डबा, सुती कापड, फवाऱ्याच्या बाटलीत साबणाचं पाणी. एक वही.

कागद म्हणाल तर गाडीची पुस्तिका, मागच्या दोन-तीन सर्व्हिसची बिलं आणि पीयूसीची स्लिप. पीयूसी आपण दंड चुकवायला काढतो आणि डॅशबोर्डात टाकून देतो, पण त्यावर आयडलिंगचे, म्हणजे उभ्या गाडीत पाय न लावता इंजिन चालतं तेव्हाचे आकडे असतात. बीएस ४ पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. तुमचा आकडा मर्यादेला टेकत आला असेल, तर गाडी पेट्रोल जास्त खातेय किंवा ते नीट जळत नाहीये, हे आधीच कळलं.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी पाळा. बंद पार्किंगमध्ये किंवा शटर ओढून इंजिन चालवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही. आणि ओढणी, पदर, मोकळे केस फॅन-बेल्टपासून लांब ठेवा. रेडिएटरचा फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

१. पहिल्या पाच मिनिटांची नोंद करा

आदल्या संध्याकाळी गाडी लावली की सकाळपर्यंत तिला हात लावू नका. "बघू लागतेय का" म्हणून रात्री दहाला सेल्फ मारला तर सकाळची परीक्षा वाया गेली.

सकाळी मोबाइल स्टँडला लावून मीटरचा व्हिडिओ घ्या. एसी, लाइट, मागच्या काचेचा हीटर बंद ठेवा. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. वहीत लिहायचं ते एवढंच: किती सेकंद सेल्फ फिरवावा लागला, सुरू झाल्यावर काटा किती वर गेला, किती सेकंदांनी पडला, आणि बंद पडताना हळूहळू गुदमरली की दिवा विझावा तशी एकदम गेली. हा शेवटचा फरक मोठा आहे. गुदमरून पडते तेव्हा हवा-पेट्रोलचा मेळ बसत नाहीये. एकदम तोडल्यासारखी पडते तेव्हा वायरिंग, रिले किंवा क्रँक सेन्सरकडे (इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळवतो तो) आधी बघायचं.

असं तीन सकाळी करा. एका दिवसावरून ठरवू नका.

२. किल्ली फिरवा आणि ऐका

सेल्फ मारण्याआधी मल्टीमीटर बॅटरीला लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ च्या खाली असेल तर अशक्त. सेल्फ फिरताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. हे जमत असेल तर बॅटरी बदलू नका. मी हे न मोजता बदलली.

आता किल्ली ऑनवर आणा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून एक-दोन सेकंद घूंऽऽ असा आवाज येतो, तो पेट्रोल पंप प्रेशर भरतोय. आवाजच नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. आवाज येत असेल तर किल्ली बंद-चालू तीन वेळा करून मग सेल्फ मारा. एरवी लांब सेल्फ घेणारी गाडी या युक्तीनं चटकन लागली, तर रात्रीत लाइनमधलं प्रेशर उतरतंय: पंपातला व्हॉल्व्ह पेट्रोल धरत नाहीये किंवा एखादा इंजेक्टर टिपकतोय. युक्तीनं काही फरक पडला नाही तर पंपावर आळ घेण्याआधी गेजनं प्रेशर मोजून घ्यायला सांगा. बहुतेक गाड्यांत ते ३ बारच्या आसपास असतं.

३. स्कॅनर लावा: दोष इथंच सापडण्याची शक्यता जास्त

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो. २०१३ नंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना साधा स्कॅनर बोलतो. त्याआधीच्या गाड्यांत सॉकेट असूनही जुळत नाही असं होतं, तेव्हा गॅरेजच्या स्कॅनरशिवाय इलाज नाही.

रात्रभर उभी गाडी, किल्ली ऑन, इंजिन बंद. अशा वेळी तीन आकडे वाचा.

कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही जवळजवळ सारखे हवेत, दोन-चार अंशांचा फरक चालेल. रात्रभर सगळं एकत्रच गार झालेलं असतं, वेगळं असायचं कारणच नाही.

आमच्या गाडीचा दोष मला इथं सापडला. समोरची काच दवानं पांढरी झाली होती, बॉनेटला हात लावला तर बर्फासारखं. हवेचं तापमान १४ अंश. आणि त्याच्या वरच्या ओळीत कूलंट: ६१ अंश. मी किल्ली काढून परत लावली. पुन्हा ६१. ईसीयूला वाटत होतं इंजिन अर्धंअधिक तापलेलं आहे, त्यामुळे तो गार इंजिनाला लागणारं जादा पेट्रोल आणि जादा हवा देतच नव्हता. गाडी बिचारी थंडीत उपाशी सुरू व्हायची. एकदा तापली की खरा आकडा आणि सेन्सरचा आकडा जवळ यायचा आणि सगळं सुरळीत. चेक इंजिनचा दिवा लागला नाही, कारण ६१ हा आकडा ईसीयूला अशक्य वाटत नाही. सेन्सर तुटला किंवा शॉर्ट झाला तरच तो ओरडतो. "दिवा नाही म्हणजे सेन्सर चांगले" हा गैरसमज मला दोन महिने महाग पडला.

मल्टीमीटरनंही खात्री करता येते. कपलर (वायरचा जोड) काढून सेन्सरच्या दोन पिनांमधला रोध मोजा. बहुतेक सेन्सरना २० अंशांना २ ते ३ हजार ओहम आणि ८० अंशांना ३०० च्या आसपास येतो. आमचा गार सकाळी सहाशेच्या खाली होता. नवा सेन्सर पाचशे रुपयांच्या आत आला. उलटंही होतं: कपलरमध्ये हिरवट गंज चढला की रोध वाढतो, ईसीयूला इंजिन आहे त्याहून गार वाटतं, पेट्रोल जास्त जातं, काळा धूर येतो आणि अ‍ॅव्हरेज पडतं. म्हणून आधी कपलर साफ करा, मग सेन्सर बदला. आणि बदलायचा तो पूर्ण गार इंजिनावर. गरम असताना काढलात तर उकळतं कूलंट अंगावर येईल.

स्कॅनर नसेल तर सेन्सरचा कपलर काढून गाडी सुरू करून बघा. ईसीयू ठरावीक आकडा धरून चालतो. गाडी अशी जास्त चांगली टिकली तर संशय पक्का. या वेळी फॅन सतत फिरेल आणि चेक लाइट लागेल, घाबरू नका, कपलर परत लावून स्कॅनरनं कोड (ईसीयूनं नोंदवलेला दोषाचा नंबर) पुसा.

मॅप सेन्सर. इंजिनात हवा नेणाऱ्या इनटेक मॅनिफोल्डमधला दाब हा मोजतो, त्यामुळे इंजिन बंद असताना बाहेरच्या हवेचा दाब दाखवतो. इथं साताऱ्यात एक खास घोळ होतो. मोबाइलवरच्या व्हिडिओत सांगतात की आकडा १०१ किलोपास्कल हवा. तो समुद्रसपाटीचा. सातारा सुमारे ७०० मीटरवर आहे, इथं ९३ च्या आसपास येतो, आणि महाबळेश्वरला गेलात तर ८६ च्या आसपास. ९३ बघून सेन्सर फेकू नका, तो बरोबर आहे. तापलेल्या इंजिनाचं आयडलिंग मात्र साधारण ३० ते ४० मध्ये हवं.

कोड. पी ०१७१ म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. पी ०१७२ म्हणजे उलट. पी ०३०० म्हणजे मिसिंग (सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळणं), आणि शेवटचा आकडा १ ते ४ असेल तर त्या नंबरचा सिलिंडर. पी ०११७ किंवा पी ०११८ कूलंट सेन्सरच्या वायरिंगचे. पी ०५०५ आयडल कंट्रोलचा. कोड म्हणजे निकाल नाही, कुठं बघायचं त्याची दिशा आहे. पी ०१७१ आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणं ही सर्रास होणारी चूक. तो बिचारा खरी बातमी देत असतो.

चेक लाइट उघडझाप करत असेल तर गाडी पळवू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणारा भाग) जाऊन तो जळतो, आणि त्याची किंमत या लेखातल्या सगळ्या सामानाहून जास्त आहे.

४. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह

एअर फिल्टरचा पाइप काढला की पितळी रंगाची गोल पट्टी दिसते. तिच्या कडेला काळा चिकट थर असेल तर आयडलिंगची हवा अडते. क्लीनर कापडावर मारून पुसा. थ्रॉटल केबलनं ओढला जातो अशा गाडीत आयडलिंगची हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्ह बाजूला स्क्रूनं बसवलेला असतो, त्याचं टोकही कार्बननं अडकतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर किल्ली ऑन ठेवून पट्टी बोटानं ढकलू नका, गिअर तुटतात. साफ केल्यावर पहिले काही मिनिटं आरपीएम वेडावाकडा वागू शकतो, ईसीयूला नव्यानं शिकावं लागतं. ती पद्धत गाडीगणिक वेगळी असते.

आणि एक कळकळीचं सांगणं: थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूला कोणाला हात लावू देऊ नका. "आरपीएम जरा वाढवून देतो" म्हणून तो फिरवला की सकाळी गाडी टिकते, पण दोष झाकला जातो आणि नंतर कुठलाच आकडा विश्वासाचा राहत नाही.

५. हवा भलतीकडून येतेय का

इनटेक मॅनिफोल्डचा गॅस्केट, पीसीव्हीचा होज (इंजिनातल्या वाफा परत आत नेणारा), ब्रेक बूस्टरचा होज (ब्रेक हलका करणाऱ्या भागाचा). रबर जुनं झालं की थंडीत आक्रसतं, भेगेतून हवा ओढतं आणि तापल्यावर फुगून भेग बुजते. म्हणून हाही दोष फक्त सकाळचा. गाडी चालू असताना साबणाचं पाणी जोडांवर फवारा. भेग असेल तिथं पाणी आत ओढलं जाईल आणि आवाज बदलेल. कार्ब क्लीनर मारून शोधणारे बरेच आहेत, पण तो पेट घेतो. गरम सायलेन्सरच्या शेजारी मी तो मारणार नाही.

होज चिमट्यानं दाबून आरपीएम बदलतो का बघा. ब्रेक दाबल्यावर आयडलिंग बदलत असेल तर बूस्टर तपासा, तो ब्रेकचाही प्रश्न आहे, उद्यावर ढकलू नका. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय तो आकडा) आयडलला +१५-२० आणि २,५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल तर हवेची गळती जवळजवळ नक्की. जास्त आरपीएमलाही वाढलेलाच राहिला तर पेट्रोल कमी येतंय. मॅप सेन्सरच्या गाडीत गळतीनं आरपीएम उलट चढाही राहतो, तेही लक्षात असू द्या.

६. प्लग आणि कॉइल

गार इंजिनावर प्लग काढा, सिलिंडरच्या क्रमानं ओळीत मांडा. फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे स्पार्क पडत नाही. तेलकट म्हणजे इंजिनाचं तेल वर येतंय, तो वेगळा खर्च. गॅप पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे, बहुधा ०.८ ते १.१ मिलिमीटर. बसवताना आधी हातानंच फिरवा, आटा चुकला तर हेड खराब होतं.

एकच सिलिंडर मिसिंग दाखवत असेल तर त्याची कॉइल (प्लगला स्पार्कची वीज देणारी) दुसऱ्या सिलिंडरवर लावा. पी ०३०१ चा पी ०३०३ झाला तर कॉइल गेली. फुकटात होणारी याहून चांगली तपासणी मला माहीत नाही. पावसाळ्यात कासला किंवा महाबळेश्वरला गाडी रात्रभर धुक्यात राहिली आणि सकाळी मिसिंग करायला लागली, तर आधी इथंच बघा.

७. पेट्रोलच्या बाजूचे तीन प्रश्न

गाडी सीएनजीवर आहे का? बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. रोज मिनिटभरच पेट्रोल वापरलं आणि टाकीत महिनोन् महिने तेच राहिलं, तर इंजेक्टर बुजतात आणि गाडी नेमकी सकाळी बंद पडते. आठवड्यातून एकदा काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. टाकीत पाव तरी पेट्रोल ठेवा, पंप त्यातच बुडून गार राहतो.

टाकी फुल केल्यानंतरच सुरू व्हायला त्रास होतो का? मग टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल. त्याचा होज काढून, आयडलिंगला बोट लावून बघा. इंजिन गार असतानाच आयडलिंगला जोरात ओढत असेल तर संशय घ्या.

आणि इथेनॉल. आपल्या भागातल्या साखर कारखान्यांतही तयार होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. त्याची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, आणि ते पाणी ओढतं. चांगल्या गाडीला यानं फारसं बिघडत नाही. पण सेन्सर किंवा प्लग आधीच कडेला आलेला असेल तर थंडीत तो उघडा पडतो. "पेट्रोलच खराब" म्हणून सोडून देण्याआधी वरचे टप्पे करा. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवू नका.

८. गॅरेजला कसं जायचं

गाडी संध्याकाळी नेऊन रात्री तिथंच ठेवा आणि सकाळी मिस्त्रींनी पहिला सेल्फ मारायच्या आधी तुम्ही तिथं हजर राहा. आमच्या मिस्त्रींना मी वही आणि व्हिडिओ दाखवला तेव्हा ते स्वतः सात वाजता आले. ६१ चा आकडा बघून दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं आधी कळलं असतं तर पंप काढलाच नसता ताई."

"गाडी सकाळी बंद पडते" एवढंच सांगू नका. "रात्रभर उभी, १४ अंश, तिसऱ्या सेकंदाला ५०० आरपीएमवर गुदमरून बंद, चार मिनिटांनंतर ठीक" असं सांगा. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा, जुना भाग परत मागा, बिलावर भागाचं नाव लिहून घ्या. काम झालं की पैसे दिले तरी वही बंद करू नका. सलग तीन सकाळी तोच व्हिडिओ काढा, त्याच वेळेला, त्याच पद्धतीनं. तिन्ही दिवशी काटा १,२०० च्या वर जाऊन पाय न लावता हळूहळू उतरला, तर दोष गेला. ते आकडे पुस्तिकेच्या आतल्या पानावर तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या थंडीत काही बिघडलं तर तुलना त्यांच्याशीच करायची आहे.